तुटलेल्या टोकाचे वाचन

साहित्याविषयी बोलू लागलो की आपण सारे नकळत विणकरांची भाषा बोलू लागतो. कथेला सूत्र असते, कादंबरीची वीण घट्ट किंवा सैल असते, कवितेला पोत असतो, प्रसंग एकमेकांत गुंफलेले असतात आणि कुठेतरी लेखकाच्या हातून धागा सुटतो किंवा सुटत नाही. संस्कृतातून आलेले शब्दही याच घराण्यातले. ‘ग्रंथ’ गाठण्या-गुंफण्याच्या धातूपासून आला, ‘निबंध’ बांधण्याच्या. आणि ज्याच्यावाचून प्रबंधाचे पान हलत नाही तो ‘संदर्भ’ हाही मुळात एकत्र ओवण्याचाच शब्द. हे सारे इतके रुळले आहे की वापरताना कोणालाही प्रत्यक्ष धागा बोटांत धरावा लागत नाही.

नामदेवांना तो धरावा लागत होता. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत, त्यांतल्या एका पदात मन हा गज होतो आणि जीभ ही कात्री. शिंप्याच्या घरातल्या माणसाने योजलेले हे रूपक आहे. गजाने काय होते आणि कात्रीने काय होते, हे त्याच्या हाताला आधी ठाऊक आहे. आजच्या समीक्षेतील धागा मात्र बराच काळ कोणाच्या हातात गेलेला नाही, असे आम्हांला वाटू लागले, त्याला एक निमित्त घडले. आज लिहायचे आहे ते त्याविषयी.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही चाळिशी ओलांडलेले. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाने सोलापुरातील व्यवसायांमधले शब्द गोळा करण्याचे काम हाती घेतले. हातमाग, यंत्रमाग, विडी यांवर आधी बरेच काम झाले आहे. म्हणून आम्ही गणवेशाच्या धंद्याकडे वळलो. सोलापुरात शालेय गणवेश शिवणारे अनेक लहान-मोठे कारखाने आहेत. सदऱ्याच्या खिशावर शाळेचे बोधचिन्ह लागते आणि ते भरतकामाच्या संगणकीय यंत्रावर उमटते. अशाच एका कारखान्यात आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थी रात्रपाळीला यंत्र चालवीत असे. त्याच्या ओळखीने आम्ही तिथे जाऊ लागलो आणि शनिवारच्या दुपारी वहीत शब्द उतरवून घेऊ लागलो. शब्द थोडे मिळाले. टेन्शन, बॉबिन, हेड, फ्रेम, हुक हीच तिथली बोलीभाषा, आणि मराठी, तेलुगू, हिंदी या तिन्ही भाषांत ती तशीच चालते. मात्र शब्दांच्या शोधात गेलेल्या आम्हांला तिथे वाचनाची एक पद्धत पाहायला मिळाली.

यंत्र बारा हेडांचे. प्रत्येक हेडला नऊ सुया, म्हणजे नऊ रंग. एका वेळी बारा खिशांवर बारा सारखी चिन्हे उमटतात. वेग मिनिटाला सातशे-आठशे टाक्यांचा. आठ हजार टाक्यांचे एक चिन्ह म्हणजे, मध्ये काही बिघडले नाही तर, दहा-बारा मिनिटांचे काम. मोबदल्याचा हिशेब हजार टाक्यांवर. बारांपैकी एका हेडचा धागा तुटला की बाराही हेडे थांबतात. त्यामुळे धागा तुटणे ही तिथे रूपकातली घटना नसते. तिचा परिणाम शनिवारच्या हिशेबात दिसतो.

धाग्याची वाट आधी सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. यंत्रामागच्या मांडणीवर धाग्याचे कोन उभे असतात. तिथून धागा वर चढतो, एका नळीतून पुढे येतो, दोन गोल चकत्यांच्या मधून जातो. या चकत्या त्याला आवळून धरतात. ताण इथे निर्माण होतो. पुढे तो एका लहान चाकाला वेढा घालतो. धागा चालू असेपर्यंत हे चाक फिरते. ते फिरायचे थांबले की यंत्राला कळते की धागा तुटला. मग एक नाजूक स्प्रिंग, मग सतत वरखाली होणारा एक दांडा, आणि अखेरीस सुईचे नेढे. कापडाखाली बॉबिनवर दुसरा, बहुधा पांढरा, धागा असतो आणि त्याच्याभोवती फिरणारा हुक. सुई खाली जाऊन किंचित वर उचलली गेली की तिच्या पाठीशी धाग्याचा एक लहानसा फासा तयार होतो. नेमक्या त्या क्षणी हुकाचे टोक तो फासा पकडते, मोठा करते आणि बॉबिनवरून फिरवून आणते. वरचा दांडा उरलेला धागा ओढून घेतो. दोन धागे एकमेकांत अडकतात आणि टाका पडतो. १८४६ साली अमेरिकेत एलियास हाउ यांना शिवणयंत्राचे पेटंट मिळाले, त्यातही दोन धाग्यांचा असा अडकवलेला टाकाच होता. तेव्हा हुकाच्या जागी धोटा होता, एवढाच फरक.

या वाटेतली एक गोष्ट आम्हांला विशेष लक्षणीय वाटली. बॉबिनवरून फिरून येण्यासाठी फासा कित्येक सेंटिमीटरांचा असावा लागतो, आणि टाक्यात खर्च होतो तो धागा काही मिलिमीटरच. बाकीचा परत वर ओढला जातो. म्हणजे धाग्याचा एकच तुकडा कापडात स्थिरावण्यापूर्वी नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर घासत जातो. नेढ्याला अगदी बारीक ओरखडा असला तरी तो दर फेरीला थोडाथोडा कुरतडला जातो. शेवटी तुटतो तेव्हा ते अचानक झाल्यासारखे दिसते. पण त्या तुकड्याचे झिजणे बरेच आधी सुरू झालेले असते.

कारखान्यातल्या जुन्या कारागिरांना सारे अण्णा म्हणत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे बोलणे मोजके. धागा तुटल्यावर ते सुईकडे नंतर बघत. आधी तुटलेले टोक हातात घेत. टोक पिंजलेले, केसाळ असेल तर धागा कुठेतरी घासला जातो आहे: सुई बोथट झाली आहे, नेढ्याला ओरखडा आहे किंवा धाग्याच्या मानाने सुई बारीक आहे. टोक ताणून आखडल्यासारखे, वळलेले असेल तर ताण जास्त आहे, किंवा धागा मागे कोनापाशीच अडकला आहे. टोक सुरीने कापल्यासारखे स्वच्छ असेल तर वाटेत कुठेतरी धारदार कड आहे. मग टाका पडतो त्या पट्टीचे भोक आणि हुकाचे टोक नखाने चाचपायचे. काही वेळा धागा तुटलेलाच नसतो. चाकावर वेढा नीट बसलेला नसतो, किंवा चाकात कचरा साचलेला असतो. ते फिरत नाही आणि यंत्र तुटल्याची खोटी वर्दी देते. म्हणून पहिला प्रश्न, अण्णांच्या शब्दांत: “तुटला का खरंच? ते आधी बघायचं, सर.”

दुसरी रीत शोधाच्या क्रमाची. आधी धागा काढून पहिल्यापासून पुन्हा ओवायचा, कारण एखाद्या कडीतून तो निसटलेला असणे हे सर्वांत संभाव्य आणि सर्वांत स्वस्त कारण. मग सुई बदलायची. ती नीट वर बसली आहे का, नेढे समोर आहे का, हे बघायचे. मग बॉबिन काढून तिच्या पत्र्याच्या स्प्रिंगखाली अडकलेले तंतू कागदाच्या कोपऱ्याने काढायचे. हुक कोरडा असेल तर तेलाचा एक थेंब. इतके झाल्यावरच ताणाच्या स्क्रूला हात लावायचा, तोही थोडा, आणि किती फिरवला हे लक्षात ठेवून. हुकाचे वेळापत्रक, म्हणजे सुई आणि हुक यांची गाठ नेमकी केव्हा पडते ते, सर्वांत शेवटी. नवा मुलगा नेमके उलटे करतो, असे अण्णा सांगत. त्याला स्क्रू समोर दिसतो, म्हणून तो स्क्रू फिरवतो. सैल वाटले की आवळतो, तुटले की सोडतो. आणि तासाभराने मूळ दोष राहतो बाजूला, त्यावर त्याने निर्माण केलेले चार दोष चढतात.

हे ऐकताना साहित्याच्या अध्यापकाला काही ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. कलाकृतीत काही खटकले की तिथल्या तिथे सर्वांत जड हत्यार उचलायचे, सिद्धान्ताचा स्क्रू आवळायचा, ही घाई आपल्या क्षेत्रातही पुष्कळ दिसते. पाठ नीट लागला आहे का, शब्दाचा अर्थ त्या काळी काय होता, मुद्रणदोष तर नाही, हे स्वस्तातले प्रश्न आधी विचारावेत, असे जुने पाठचिकित्सक सांगत आले. अण्णांच्या क्रमात आम्हांला तीच शिस्त दिसली.

सर्वांत फसवा प्रकार खालच्या गुंत्याचा. कधीकधी कापड चिकटून बसते, फ्रेम निघत नाही, आणि खाली पाहावे तर धाग्याचे एक जाळे, सुगरणीच्या अर्धवट घरट्यासारखे. गुंता खाली आहे म्हणजे दोष बॉबिनचा, असे कोणीही म्हणेल. तो बहुधा वरच्या धाग्याचा असतो. वरचा धागा चकत्यांत नीट बसलेला नसला तर त्याला आवळणारे कोणी उरत नाही. हुक फासा खाली नेतो, वरून तो पुरेसा ओढून घेतला जात नाही, आणि दर टाक्याला सैल धागा कापडाखाली साचत राहतो. आम्ही खाली वाकून बघत असताना अण्णा म्हणाले होते, “मॅडम, घाण खाली दिसते म्हणून खाली बघू नका. वर बघा.”

आता ताणाविषयी. हा शब्द आपल्या वर्गांत पुष्कळ वापरला जातो. १९३८ साली अॅलन टेट यांनी कवितेतील ताणावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी ती संज्ञा तर्कशास्त्रातल्या दोन शब्दांचे उपसर्ग छाटून बनवली होती. तिचा धाग्याशी काही संबंध नव्हता. मराठीत आल्यावर मात्र तो ‘ताण’ झाला आणि दोरी ओढल्याची जाणीव त्याला आपोआप चिकटली. दोन शक्ती सारख्याच जोराने ओढत आहेत आणि मध्ये कविता तोल सांभाळून उभी आहे, असे चित्र मनात येते. भरतकामाच्या यंत्रावर तोल असा नसतो. बॉबिनच्या धाग्याचा ताण ढोबळमानाने वीस-पंचवीस ग्रॅम, तर वरच्या धाग्याचा शंभर ते एकशेतीस ग्रॅम. वरचा धागा लांबच्या वाटेने, अनेक घर्षणे सोशीत येतो, म्हणून त्याचा आकडा मोठा. आणि तरीही टाका पडताना तो खालच्यापुढे थोडा नमतो. साध्या शिवणीत दोन धाग्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसते. भरतकामात ती मुद्दाम मागच्या बाजूला ओढलेली असते, जेणेकरून समोर पांढरा ठिपका दिसू नये.

तोल साधला की नाही, हे त्यामुळे समोरून कळतच नाही. कापड उलटे करावे लागते. भरीव पट्ट्याच्या मागे मधल्या एकतृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा धागा दिसावा आणि दोन्ही बाजूंना एकएक तृतीयांश रंगीत. पांढरा अजिबात दिसला नाही तर वरचा धागा फार सैल आहे किंवा खालचा फार आवळला आहे. मागे सगळा पांढराच दिसला, तर उलट. एका धाग्याचा ताण योग्य आहे, असे वाक्यच या धंद्यात संभवत नाही. तो दुसऱ्याच्या संदर्भात योग्य असतो. ‘संदर्भ’ हा शब्द इथे आम्ही त्याच्या मूळ अर्थाने वापरतो आहोत.

आमच्या विद्यार्थ्याची हकीकत इथून पुढे येते. जूनच्या तोंडावर कामाची गर्दी असताना एका शाळेच्या चिन्हावर धागा सारखा तुटू लागला. चिन्हाखाली शाळेचे नाव होते, त्याचा शेवट ‘विद्यामंदिर’ असा. अक्षरांची उंची जेमतेम सहा मिलिमीटर. रात्रपाळीत काम मागे पडले आणि मालकांनी दोष मुलाच्या हातावर ठेवला. “तुझ्या पाळीतच धागा कसा तुटतो?” त्या आठवड्यात मोबदला कापला जाण्याची भाषा झाली. परीक्षेच्या शुल्काची तारीखही त्याच आठवड्यातली.

मुलाने अण्णांचा क्रम पाळला. पुन्हा ओवले, सुया बदलल्या, बॉबिन साफ केल्या. तरी तुटेना असे झाले नाही. मग त्याने एक वही घातली. कोणत्या हेडवर, कोणत्या सुईवर आणि कितव्या टाक्याला धागा तुटला हे तो लिहू लागला. टाक्याचा आकडा यंत्राच्या पडद्यावर दिसतोच. या नोंदीमागचे तर्कशास्त्र सोपे आहे. एकाच सुईवर धागा तुटत असेल तर दोष त्या सुईच्या वाटेत. एका हेडच्या सगळ्या सुयांवर तुटत असेल तर दोष त्या नऊ जणींच्या सामाईक भागात, म्हणजे हुक, बॉबिन किंवा पट्टीत. आणि हेड कोणतेही असो, चिन्हात जागा तीच असेल, तर यंत्राला आणि हाताला मोकळे सोडावे. दोष लिहून आलेल्या आराखड्यात आहे. वहीतले आकडे चारदोन टाक्यांच्या फरकाने एकाच जागी येत होते. हेडे मात्र वेगवेगळी.

ती जागा ‘मं’वरच्या अनुस्वाराची होती.

देवनागरी ज्यांनी हाताने लिहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. ‘मंदिर’ लिहिताना म-चा उभा दंड शिरोरेषेला मिळतो, त्याच्या डोक्यावर अनुस्वार, आणि लगेच शेजारी ऱ्हस्व वेलांटीचा दंड उठून द-वरून वळतो. एवढ्याशा जागेत शिरोरेषा, ठिपका आणि वेलांटी यांची गर्दी होते. सहा मिलिमीटरांच्या अक्षरात ठिपका पडतो जेमतेम एका मिलिमीटरचा. सुई पंच्याहत्तर क्रमांकाची, म्हणजे तिचा दांडाच पाऊण मिलिमीटर जाडीचा. शहराबाहेरच्या एका आराखडाकाराने या ठिपक्यात दाटीने टाके भरले होते. सुई पुन्हा पुन्हा जवळजवळ त्याच भोकात उतरत होती, आधीच्या टाक्यांना भोसकत होती, आणि नवा धागा जुन्या धाग्याच्या राठ गाठीवर घासून तुटत होता. रोमन लिपी भरताना आय आणि जे यांच्या ठिपक्यांवर हीच अडचण येते. पण आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर होणारी गर्दी मोठी, आणि ती टाळता येत नाही.

फोनवर आराखडाकाराने उपाय सुचवला: ठिपका काढून टाका, एवढ्याशा अक्षरांत कोण बघतो! व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला बिनतोड होता. सदरे वेळेवर गेले असते. फक्त काही शे मुले वर्षभर छातीवर ‘विद्यामदिर’ मिरवीत हिंडली असती, आणि मदिर म्हणजे मद आणणारे, हे शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षकांनी कधी ना कधी वाचले असते. मुलाने नकार दिला. मालकांना तो म्हणाला की अनुस्वार काढला तर मी ज्या विषयात पदवी घेतो आहे त्याला अर्थ नाही. हे वाक्य त्याने आम्हांला सांगितले नाही. अण्णांनी सांगितले, आणि तेही हसत.

पुढचा उपाय साधा होता. आराखडा संगणकावर उघडून ठिपक्यातले अतिलहान टाके गाळले, भरण विरळ केले, ठिपका शिरोरेषेपासून केसभर वर उचलला आणि किंचित मोठा केला. अक्षरांची उंचीही थोडी वाढवली. त्यानंतर त्या जागी धागा तुटला नाही. मोबदला कापण्याचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही. मात्र दोष तुझ्या हाताचा नव्हता, असेही ते कधी म्हणाले नाहीत.

ही शेवटची गोष्ट आमच्या मनात अधिक काळ राहिली. धागा जिथे तुटतो तिथे जो उभा असतो, त्याच्यावर दोष ठेवणे हे सर्वांत सोपे काम असते. उत्तरपत्रिका तपासताना आमच्या हाती येणारी वाक्येही अशीच तुटलेली असतात. एखाद्या मुलीचे वाक्य दर वेळी दुसऱ्या उपवाक्यात कोसळते. एखादा मुलगा ‘कारण’ लिहितो आणि कारण देतच नाही. लाल शाईने तिथे रेघ मारली की तपासणी संपते. वहीतले ते तीन प्रश्न इथेही विचारता येतात. हे एकाच मुलाच्या बाबतीत होते आहे का? मग त्याच्या वाटेत कुठेतरी, घरच्या भाषेत, झोपेत, पाळीत काही अडकले आहे. एका वर्गातल्या सगळ्यांचे होते आहे का? मग सामाईक भाग बघावा, म्हणजे आमचे शिकवणे. आणि वर्षे बदलली, वर्ग बदलले, तरी मुले नेमक्या त्याच जागी तुटत असतील, तर आराखडाच, म्हणजे अभ्यासक्रम, उघडून बघितला पाहिजे. एका लहान जागेत तिथे किती टाके भरले आहेत, ते मोजले पाहिजे. हे करायला वेळ लागतो, आणि वेळ कोणत्याच कारखान्यात मुबलक नसतो. तरीही दर सत्राला आम्ही दोघे अशा जागांची एक नोंद ठेवतो. पुढच्या वर्षीच्या नोंदीशी ती ताडून पाहिली की काही नावे सुटतात आणि काही प्रकरणे अडकतात.

शब्दसंग्रहाचे आमचे काम पूर्ण झाले. भरतकामाच्या यंत्रावर त्यात चाळीसेक शब्द आहेत, बहुतेक इंग्रजी, आणि त्याबद्दल हळहळण्यासारखे काही नाही; बॉबिन हा आता सोलापूरचाच शब्द आहे. ‘तुटणे’ या नोंदीखाली मात्र तीन पोटअर्थ दिले आहेत: पिंजून तुटणे, ताणून तुटणे, कापून तुटणे. असा भेद मराठीच्या एखाद्या कोशात आहे का, ते जाणकारांनी पाहावे.

आमचा विद्यार्थी बी. ए. झाला. त्याच कारखान्यात तो आता यंत्रावर बसत नाही. शाळांची चिन्हे संगणकावर टाक्यांत मांडण्याचे काम करतो. अक्षरे फारच लहान मागितली तर तो गिऱ्हाइकाला फोन करून नाव दोन ओळींत घ्यायला सांगतो. अनुस्वार गाळत नाही.